कॅबिनेट पुण्याचं असावं

संगणकाच्या पोटात जे असतं ते जगभर सारखंच. सदाशिव पेठेतल्या घरात चालणारा प्रोसेसर आणि ओस्लोतल्या घरात चालणारा प्रोसेसर एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले असू शकतात. मदरबोर्डवरची भोकंसुद्धा दोन्हीकडे त्याच जागी असतात. फरक पडतो तो पेटीबाहेर. तिथली हवा, धूळ, दमटपणा, खोलीचा आकार, टेबलाची उंची, रात्री शेजारी कोण झोपतं, हे सगळं त्या त्या गावाचं आणि त्या त्या घराचं असतं. या बाहेरच्या जगाशी रोज गाठ पडते ती फक्त कॅबिनेटची. म्हणजे अख्ख्या यंत्रात गावाशी ज्याचा संबंध येतो असा हा एकच भाग, आणि आपण निवडतो तो सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत, दुकानदार देईल तो. काही मंडळी मात्र ते स्वतः घडवतात. पत्रा कापतात, प्लायवूड जोडतात, ॲक्रिलिक वाकवतात, जुन्या रेडिओच्या खोक्यात नवा संगणक बसवतात. त्यांच्या या उद्योगाला हौस म्हणून सोडून दिलं जातं. मला तो हौसेपेक्षा बराच मोठा वाटतो. संगणकाचा जो एक भाग इथल्या हवेसाठी इथेच घडवला पाहिजे, तो ही माणसं घडवत असतात.

आधी हवेचंच बघू. मे महिन्यात पुण्यातल्या कितीतरी घरांत आणि छोट्या ऑफिसांत कॅबिनेटची एक बाजू काढून ठेवलेली असते आणि समोर टेबलफॅन लावलेला असतो. याला जुगाड म्हणून हसण्यावारी नेतात. माझ्या लेखी तो त्या कॅबिनेटवर दिलेला अभिप्राय आहे, आणि तो बरोबर आहे. चांगलं ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर जोरात काम करताना मिळून ५०० वॅट वीज सहज खातात, आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर समुद्रसपाटीवरच्या २० अंशांच्या खोलीत दर सेकंदाला सुमारे ४१ लिटर हवा त्या पेटीतून वाहिली पाहिजे. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३५ अंश असले, तर इथली हवा त्या मानाने दहा-अकरा टक्क्यांनी विरळ असते, आणि तेवढ्याच कामासाठी सुमारे ४६ लिटर हवा लागते. शिवाय तिकडे २० अंशांची हवा ३० ची होऊन बाहेर पडते, इकडे ३५ ची ४५ होऊन. सगळ्या जगात एकच माल विकायचा तर कारखान्याला कुठली तरी सरासरी खोली गृहीत धरावी लागते. त्यात त्याचा दोष नाही. पण आपण त्या सरासरी खोलीत राहत नाही.

धुळीचं गणित याच्या उलट चालतं. हवा जास्त हवी म्हणून भोकं वाढवली की धूळ वाढते, आणि या शहरात बांधकामाची धूळ कुठल्याच उपनगराला चुकलेली नाही. धूळ अडवायला जाळी लावली की हवा अडते. पूर्वी संगणकावर कापडी किंवा प्लॅस्टिकचं कव्हर घालायची पद्धत घरोघरी होती, ती याच भीतीपोटी. यातून निघायचा जाणकारांचा मार्ग साधा आहे. हवा आत ढकलणारे पंखे बाहेर ओढणाऱ्यांपेक्षा जास्त जोराचे ठेवायचे आणि जाळी फक्त आत येण्याच्या वाटेवर लावायची. मग पेटीतला दाब किंचित वाढतो, फटीफटींतून हवा बाहेर पडत राहते, आणि त्या फटींतून धूळ आत ओढली जात नाही. जाळी मात्र ऐसपैस हवी, म्हणजे तिच्यातून हवा सावकाश जाईल. आणि ती हाताशी येईल अशा जागी हवी, म्हणजे दर रविवारी नळाखाली धुता येईल. तयार कॅबिनेटमध्ये ही जाळी पुष्कळदा तळाशी असते. जड पेटी कलती केल्याशिवाय ती निघत नाही, आणि जी सहज निघत नाही ती कोणी धूत नाही. स्वतः घडवणारा ती खिडकीच्या बाजूला ठेवील की भिंतीच्या, वरून सरकणारी करील की पुढून, हे त्याच्या घरावरून ठरतं.

पेटी म्हणजे यंत्राचं नुसतं वेष्टन, ही समजूत मोठी यंत्रं बांधणाऱ्यांनी केव्हाच टाकून दिली. सेमूर क्रे यांनी १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकाला इंग्रजी सी अक्षराचा आकार दिला, तो दिसायला वेगळं दिसावं म्हणून नव्हे. आतल्या बाजूने जाणाऱ्या तारा त्यामुळे आखूड होत होत्या, आणि तार आखूड म्हणजे संदेश लवकर. पुण्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेकडून हवे तसे महासंगणक मिळेनात, म्हणून १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पुढे २००७ मध्ये टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यातच ‘एका’ हा महासंगणक उभारला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो चौथा आणि आशियात पहिला होता. त्याची कपाटं नेहमीसारखी सरळ रांगेत नव्हती, जवळजवळ वर्तुळात मांडलेली होती. मांडणी हीसुद्धा यंत्राचाच भाग आहे, हे या शहरातल्या अभियंत्यांनी जगातल्या पहिल्या पाचांत बसून दाखवलेलं आहे. मग तीच गोष्ट घरातल्या टेबलावर आली की तिला नटवेपणा का म्हणायचं, हे मला उमगत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : कारखान्यात अभियंते बसलेले असतात, साचे असतात, चाचण्या असतात, घरच्या गच्चीत आरी चालवणाऱ्याला त्यांच्यापेक्षा जास्त काय कळणार? उत्तर गमतीशीर आहे. त्याला जास्त कळावं लागतच नाही, कारण अवघड भाग आधीच ठरवून जाहीर केलेला आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोकं अमुक जागी, मागच्या खाचा अमुक अंतरावर. २००१ मध्ये व्हीआयएने मिनी-आयटीएक्स आणलं, ते १७० मिलिमीटरचा चौरस. त्याचीही भोकं त्याच जागांशी जुळणारी. ही मापं कोणालाही मिळतात. तेवढी पाळली की बाकीच्या पेटीवर कोणाचाच हुकूम चालत नाही. मोकळीक इथे मापांच्या जोरावर मिळते. शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात अडकित्ते पाहिले की हेच दिसतं. अडकित्त्याचं काम एकच, त्याचं एक पातं आणि एक खीळ ठरलेली. आणि तेवढं ठरलेलं असल्यामुळेच कारागिराने मुठींना हवे ते आकार दिले, पक्षी काढले, माणसं काढली. सुपारी फुटायचं थांबलं नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका भोकापुरतं पाहू. १२० मिलिमीटरच्या पंख्यासाठी पत्र्यात वाटोळा झरोका काढायचा आहे. आधी पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावतात, म्हणजे खुणा दिसतात आणि रंगावर ओरखडे येत नाहीत. गुण्याने दोन काटकोनी रेघा मारून मध्य काढायचा. पंख्याच्या चार स्क्रूंमधलं अंतर १०५ मिलिमीटर, म्हणून मध्यापासून दोन्हीकडे साडेबावन्न. चारही खुणांवर पंचचा एकेक ठोका, नाहीतर ड्रिलचं टोक गुळगुळीत पत्र्यावर घसरतं. ड्रिल सावकाश फिरवायचं, पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. मोठं वर्तुळ होलसॉने नाहीतर जिगसॉने रेघेच्या जरा आत कापायचं, आणि रेघेपर्यंतचं उरलेलं अर्धगोल कानशीने खायचं. कानस पुढे जातानाच कापते, मागे येताना ती उचलायची असते. हे शिकायला एक दुपार लागते आणि हातात बसायला खूप जास्त. कडेला धारदार बर राहते ती काढायचीच, नाहीतर पुढे कधीतरी वायर सोलली जाते. शेवटी कापलेल्या कडेला प्रायमर. कॅबिनेटच्या पत्र्यावर बहुधा जस्ताचा पातळ थर असतो, कापल्या जागी तो तुटून पोलाद उघडं पडतं, आणि इथल्या पावसाळ्यात गंज नेमका तिथूनच सुरू होतो. एवढ्या कामात मोजणं, धातूचा स्वभाव, हवेची वाट आणि विजेचा धोका हे सगळं येऊन गेलं. संगणक वापरणाऱ्याला त्याच्या यंत्राविषयी इतकं शिकवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

आणि या कामाला लागणारं सगळं काही पुण्यात पायी फिरून मिळतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, तपकीर गल्लीत विजेचं सामान, बोहरी आळीत हत्यारं आणि स्क्रू, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड. आणि कसब्यात तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती हंडे, घागरी, तपेल्यांसाठी ओळखली जाते. पण मला तिथली सगळ्यात बुद्धिमान वस्तू वाटते ती बंब. खाली जाळी, जाळीवर निखारे, मधून वर गेलेली नळी आणि नळीभोवती पाणी. हवा खालून आत येते, तापते, नळीतून वर चढते आणि चढताना स्वतःच्या मागे ताजी हवा ओढून घेते. उष्णता कुठून निघते, कुठे जायला हवी आणि हवेने कुठली वाट धरावी, याचा पूर्ण विचार त्या भांड्यात आहे. दोन्हींची कामं उलटी : बंबाला उष्णता साठवायची, कॅबिनेटला घालवायची. ज्या हातांनी एक साधलं त्यांना दुसरं परकं नाही.

तांब्याबद्दल मात्र एक खरं सांगायला हवं. तांब्याचं कॅबिनेट केलं की संगणक गार राहतो, असं कोणी म्हणालं तर ते मानू नये. तांबं पोलादापेक्षा आठपट सहज उष्णता वाहून नेतं हे खरं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये ते वापरतात ते त्यासाठीच. पण पेटीच्या भिंतीत अडथळा पत्र्याचा नसतो, पत्र्याला आतून-बाहेरून लगटून असलेल्या हवेच्या पातळ थराचा असतो. पत्रा कुठलाही घ्या, तो थर तसाच राहतो. तांब्याचा खरा उपयोग वेगळा आहे. तांबटांचं मठारकाम, म्हणजे हातोडीने एकसारखे ठोके देत सगळा पृष्ठभाग भरून काढणं, लोकांना नक्षी वाटतं. ते मुळात बळकटीसाठी असतं. तापवून मऊ केलेलं तांबं ठोक्यागणिक कडक होत जातं, आणि ठोक्यांच्या खळग्यांमुळे सपाट पत्रा उरत नाही. सपाट मोठा पत्रा पंख्याच्या कंपनांनी ढोलासारखा घुमतो. मठारलेला त्या मानाने कमी. पातळ पत्र्यात ताठपणा आणि शांतता, दोन्ही. तांबट आळीतले कारागीर आज दिवे, तांबे, शोभेच्या वस्तूही करतात, कारण हंडे-बंबांचं गिऱ्हाईक आटलं. त्यांच्या पुढ्यात नवं काम ठेवायचं तर ते त्यांच्या ज्ञानाला शोभणारं असावं, आणि हवा-उष्णता-आवाज यांचं कोडं सोडवणारी पेटी तसं काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. हाताने केलेली म्हणून मिरवली जाणारी पुष्कळ कॅबिनेटं म्हणजे रंगीत दिव्यांची आरास असते. पुढच्या बाजूला अख्खी काच, आत सप्तरंगी पंखे, आणि हवेला शिरायला बोटभर फट. असं कॅबिनेट मला अपुरं वाटतं, कारण त्याने आपलं पहिलं कामच केलेलं नाही. पण दिव्यांचा दोष नाही तो. ज्या शहरात गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांसाठी मोटरी, पुल्या, कप्प्या, वायरिंग आणि रंगकाम मंडळांच्या मांडवात रात्री जागवून शिकलं गेलं, तिथे प्रकाश आणि यंत्र एकत्र आणण्याला कमी लेखणं बरं दिसत नाही. देखाव्यातला हत्ती सोंड हलवतो तेव्हा आतली कप्पी नीट बसवलेली असावीच लागते. तोच हिशेब इथे लावावा : आधी हवा वाहू दे, मग हवे तेवढे दिवे लाव.

खर्चाचा मुद्दा लोक नेहमी काढतात आणि तो सगळ्यात लवकर निकालात निघतो. चार-पाच हजारांत बरं तयार कॅबिनेट मिळतं हे खरंच. पण मापं १९९५ पासून टिकून असल्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्येही आजचा मदरबोर्ड बसतो, आणि अशी कॅबिनेटं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी भंगाराच्या मोलाने मिळायला हरकत नसावी. त्यांचा सांगाडा भक्कम असतो. कमी असते ती हवा, कारण त्या काळी संगणक इतके तापत नव्हते. पुढच्या बाजूला दोन झरोके, मागे एक, लांब ग्राफिक कार्डासाठी डिस्कचा पिंजरा काढून टाकलेला, एवढ्याने ते पुन्हा वीस वर्षं चालेल. ई-कचऱ्यावर आपण भाषणं करतो, पण भोकं जुळत असलेली पेटी टाकून तशाच भोकांची नवी आणतो.

सुरक्षिततेचं काय, असं विचारणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, त्यांचं ऐकावं. पॉवर सप्लायची बंद डबी कधीही उघडू नये, वीज काढल्यावरही तिच्यात भार उरलेला असतो. धातूच्या पेटीला अर्थिंग मिळालंच पाहिजे. मदरबोर्डखालचा एखादा स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा धातूचा खुंट, भोक नसलेल्या जागी राहिला तर बोर्ड शॉर्ट होऊ शकतो. लाकडी किंवा ॲक्रिलिकची पेटी रेडिओलहरी अडवत नाही, म्हणून तिला आतून धातूची जाळी लावून ती अर्थला जोडलेली बरी. या अटी कडक आहेत, पण मोजक्याच आहेत, आणि त्या एकदा समजलेल्या माणसाला आपल्या घरातली बाकीची विजेची यंत्रंही जास्त नीट कळतात. संगणकाची पेटी स्वतः करणं तसं नवंही नाही. १९७६ चा पहिला ॲपल संगणक पेटीशिवाय, नुसता बोर्ड म्हणूनच विकला जायचा. घेणाऱ्यांनी लाकडाच्या पेट्या आपापल्या केल्या, आणि त्यांतली एक आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

राहता राहिला प्रश्न ‘हाताने’चा. भोसरीच्या एमआयडीसीत लेझरवर पत्रा कापून आणला, पावडर कोटिंगही तिथेच करून घेतलं, तर ते हातचं काम राहिलं का? माझ्या मते राहिलं. हात म्हणजे यंत्राला नकार नव्हे. कुठे किती कापायचं हे ज्याने स्वतःच्या खोलीत उभं राहून, खिडकी आणि उशी यांचं अंतर पाहून ठरवलं, आणि आलेला पत्रा न बसला तर कानस घेऊन जो बसला, त्याचं ते काम. उलट, इंटरनेटवरचा आराखडा जसाच्या तसा उतरवून गच्चीत घाम गाळून कापला, तरी त्यात आपल्या हवेचा विचार नसेल तर मला तो कारखान्याचाच माल वाटेल, जरा वेडावाकडा.

ही कला पसरायची असेल तर ती छंदाच्या कोपऱ्यातून काढून वर्कशॉपमध्ये न्यावी लागेल, आणि त्यासाठी पुण्याइतकी सोयीची जागा नाही. सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेची सुरुवात १८५४ मधली. तिथपासून आजच्या डझनावारी महाविद्यालयांपर्यंत आणि आयटीआयपर्यंत पहिल्या वर्षाला फिटिंगचा जॉब असतो. पोलादी पट्टीचे दोन तुकडे कानसून एकमेकांत बसवायचे. पत्राकामात ट्रे नाहीतर नरसाळं. गुण मिळाले की जॉब भंगारात जातो, आणि मुलांच्या मनात त्या कामाचा आणि त्यांच्या रोजच्या संगणकाचा काहीच संबंध जुळत नाही. त्याऐवजी प्रत्येक गटाला जुन्या बाजारातलं एक कॅबिनेट द्यावं. समोरच्या पत्र्यात १२० मिलिमीटरचा झरोका, १०५ मिलिमीटरवर चार भोकं, धुता येईल अशी जाळी. मग एक तापमापक हवा आत येते तिथे, एक बाहेर पडते तिथे, आणि जानेवारी, एप्रिल, ऑगस्ट अशा तीन महिन्यांतल्या नोंदी. त्या नोंदी पुढच्या वर्षीच्या गटाकडे द्याव्यात, म्हणजे तो पहिल्या झरोक्यापासून सुरू करणार नाही. जाळीची वीण बदलून पाहील, पंख्याची जागा बदलून पाहील, एखादा गट तांबट आळीत जाऊन बाजूचा पत्रा मठारून आणील आणि घुमणं खरंच किती कमी झालं ते मोजील. अशा पाच-सात वर्षांच्या वह्या एकत्र झाल्या, की ५६० मीटर उंचीवरच्या, चार महिने पावसाच्या आणि बाकी धुळीच्या या गावासाठी पेटी कशी असावी, याची मापं इथल्या लोकांनीच काढलेली असतील आणि कोणालाही ती मागून घेता येतील.